एकशे बारावी ओळ

मी एक जुनी सूचना-वही आहे. रद्दी म्हणायचं असेल तर जीभ सांभाळून म्हणा. माझं शिक्षण विचाराल, तर जेवढं माझ्यात लिहिलं गेलं तेवढंच. पण मित्रांनो, देवासच्या आमच्या मराठी मंडळातलं एकही घर असं नाही, ज्याचा उंबरा मी ओलांडला नाही.

माझा जन्म धारचा. मंडळातले बळवंतराव तेव्हा देवासच्या कारखान्यात नोकरीला होते. सुट्टीत गावी गेले, तेव्हा तिथल्या बाईंडरकडून त्यांनी मला शिवून आणलं. जाड कागद, लाल कापडाची पाठ. मंडळाचे चिटणीस शरदराव माझ्या डाव्या पानावर सूचना लिहीत आणि उजव्या पानावर सगळ्या सदस्यांची नावं. मग मंडळाचे निरोप पोचवणारी सुभद्राअक्का मला पिशवीत घालून घरोघर नेई. सूचना वाचली की ज्यानं त्यानं आपल्या नावापुढं सही करायची. सहीच्या पुढं आणखी एक रकाना होता, 'निरोप'. तो अक्काच्या हट्टानं पडला.

"आपण नुसतं सांगून यायचं होय? त्यांचं काय ते कोण ऐकणार?" तिनं शरदरावांना सुनावलं होतं.

मग लोक त्यात लिहीत: सासूबाई पडल्यात, कुणीतरी न्यायला या. मुलीची परीक्षा आहे, भोंगा लावू नका. मिरवते असं नाही, पण माझ्या दिवसांत सभेला खुर्च्या कमी पडत.

एक ओळ मात्र कायम कोरी राही. शेवटची, एकशे बारावी. तिथं नाव होतं खुद्द सुभद्राअक्काचं. तिचा नवरा गेल्यावर शरदरावांनी तिला सदस्य करून घेतलं, पण सांगितलं नाही. सांगितलं असतं तर "मला कशाला?" म्हणून तीच भांडली असती. एक दिवस आपणच वाचेल, असं त्यांना वाटलं. पण अक्का दोनच इयत्ता शिकलेली, अक्षर अक्षर जुळवून वाचणारी. आणि दारात मला उघडायची ती नेहमी समोरच्याच्या बाजूनं. मी तिच्या हातात असे, तोंड मात्र दुसऱ्याकडं. ती ओळ तिनं कधी सरळ पाहिलीच नाही.

तीन वर्षांपूर्वी शरदराव गेले. त्यांचा मुलगा अभिषेक एका कंपनीच्या जाहिराती करतो. मंडळाचा प्रचार त्याच्याकडं आला. पोरगा हुशार, हे मी कबूल करते. पण हुशारीला घाई फार. त्यानं मोबाइलवर ग्रुप काढला, सदस्यांचे नंबर विचारून त्यात घातले आणि मला कपाटावर ठेवलं. अक्काकडं मोबाइल होता, पण तिचा नंबर कुणी विचारला नाही. माझ्यावर तर चहाची किटली ठेवू लागले. पाठीवर तो गोल डाग अजून आहे. रोज झाडू घेऊन कुणी आलं की माझी पानं आखडत. आजच का रद्दीत? आजच का?

अशात एक पत्र आलं. आमचं वाचनालय वरच्या मजल्यावर ज्या संस्थेच्या जागेत आहे, त्यांनी लिहिलं होतं: साठ सदस्य प्रत्यक्ष जमून ठराव करा, नाहीतर खोली सोडा. त्यासाठी दोन रविवार दिले होते.

अभिषेकनं ग्रुपवर चित्र टाकलं. काय ती फुलं, काय ते रंग! त्र्याऐंशी अंगठे आले. त्यानं त्र्याऐंशी जणांचे पोहे करायला सांगितले.

पहिल्या रविवारी आली एकोणीस माणसं.

उतरणीला लागलेल्या उन्हात ईशानी पुस्तक परत करायला आली. कॉलेजात जाते, शाळेत असतानाच सदस्य झाली. पोह्यांचा डोंगर बघून ती थबकली आणि अभिषेकला म्हणाली, "भिया, सभा आज थी? मला वाटलं कुणाचा तरी बड्डे आहे. मराठी पटकन वाचता येत नाही ना मला. फुलं दिसली, अंगठा दिला."

"मग केक तरी आणायचास," अक्का म्हणाली.

अभिषेक डोकं धरून बसला होता. "अक्का, त्र्याऐंशी लोकांनी अंगठा दिलाय!"

"अंगठा अडाणी माणूस देतो रे बाळा. आणि तोही आधी विचारतो, कशावर देऊ म्हणून." असं म्हणत तिनं किटली उचलली आणि माझ्यावरची धूळ पदरानं पुसली. "लिही सूचना. मराठीत लिही, खाली हिंदीतही लिही. आणि गाडी काढ. माझे गुडघे आता चालत नाहीत."

अभिषेकनं वडिलांच्या शेवटच्या पानावरची यादी बघून एकशे बारा नावं भराभर उतरवली. भराभर म्हणजे, न वाचता. एकशे बारावं नावसुद्धा! माझा जीव कासावीस झाला. पण वहीला ओरडता कुठं येतं?

सात दिवस आम्ही हिंडलो. पहिल्याच दारात अभिषेक म्हणाला, "ग्रुपवर टाकलं होतं मी..."

"गप," अक्का म्हणाली. "आधी त्यांनी दिलेलं पाणी पी. मग विचार कसे आहात."

तो विचारू लागला, आणि माझा निरोपाचा रकाना भरू लागला. एकीनं लिहिलं, जिना चढवत नाही. पुढच्या घरी तेच. चौदा घरांत तेच! अभिषेक पान बघत रस्त्यातच उभा राहिला. "इतकं साधं कुणी ग्रुपवर का नाही लिहिलं?"

"तू विचारलंस?" अक्का म्हणाली.

सभा खाली अंगणात, निंबाखाली घ्यायची ठरली.

बळवंतराव आता धारला मुलीकडं असतात. त्यांच्यासाठी दोघं मला घेऊन बसनं गेले, इंदूरला बस बदलून. म्हाताऱ्यानं माझ्या पाठीवरून हात फिरवला. "ही अजून आहे?"

"आहे, आणि तुम्हाला बोलवायला आलीय," अक्का म्हणाली. "येताय ना? का जावयाला विचारावं लागतं?"

"जावयाच्या बापालाही विचारणार नाही," ते म्हणाले आणि झोकात सही ठोकली.

दुसरा रविवार उजाडला. पत्रात वेळ दुपारी बारापर्यंतची होती, आणि त्या संस्थेचा माणूस घड्याळ लावून बसला होता. साडेदहाला चाळीस. अकराला त्रेपन्न. ईशानी दोघांना स्कूटीवरून घेऊन आली. सव्वाअकराला एकोणसाठ. आणि मग फाटक हललंच नाही. जयसिंगराव यायचे होते, त्यांना ताप भरल्याचा फोन आला. अभिषेकचा शर्ट पाठीला चिकटला. अक्का मात्र सगळ्यांना पाणी देत हिंडत होती, आणि मोजणारा तिला सोडून मोजत होता.

मित्रांनो, मला उत्तर ठाऊक होतं. माझ्या पोटात होतं! बारा वाजायला दहा मिनिटं राहिली. अभिषेक वेड्यासारखा माझ्या सह्यांवरून बोट फिरवू लागला, कुणी सुटलं का म्हणून. बोट खाली आलं. आणखी खाली. थांबलं.

त्यानं मागचं पान उलटलं. त्याच्या मागचं. प्रत्येक पानावर वडिलांचं अक्षर, आणि पुढं कोरी जागा.

"अक्का," त्यानं हाक मारली. "तुम्ही इथं सही का नाही करत?"

"कुठं? मी कुठली सदस्य? मी वही नेणारी."

त्यानं मला फिरवलं आणि तिच्या बाजूनं सरळ धरलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. तिनं चष्मा पुसला. "सु... भ... द्रा." मग ओळीवरून बोट फिरवत पुन्हा वाचलं.

"इतकी वर्षं!" शेवटी ती कडाडली. "शरदनं इतकी वर्षं मला हिंडवलं आणि एका शब्दानं सांगितलं नाही! वर भेटू दे त्याला." डोळे मात्र गळत होते.

"करा हो सही," बळवंतराव ओरडले, "त्याला वर काय ते नंतर बोला!"

तिनं सही केली. मग निरोपाच्या रकान्यात, जीभ दातांत धरून, दोन शब्द लिहिले: मी आले.

साठ झाले. वाचनालय राहिलं.

आता मी कपाटावर नाही, टेबलावर असते. ग्रुपही आहे, आणि अभिषेक त्यावर प्रश्न विचारतो. तरी माझी धाकधूक गेलेली नाही. माझी अकराच पानं कोरी उरलीत. पण ती संपण्याआधी एक सांगते. तुमच्या घरात, शाळेत, मंडळात कुणीतरी सगळ्यांना बोलवत हिंडत असेल. एकदा तिच्याही दारी जा, आणि वही तिच्या बाजूनं उघडा.