मोटारीच्या नावाचं बिल

वहिनीनं बिल पुढ्यात धरलं तेव्हा दादा टोमॅटोची झाडं सुतळीनं काठीला बांधत होता. मी बांधापलीकडं माझ्या वांग्यात खुरपत होतो. कान देऊन ऐकायची गरजच नव्हती. वहिनीचा आवाज बांध बघून थांबणारा नाही.

"हे काय आहे?"

"फोनचं बिल दिसतंय."

"ते मलाही दिसतंय. आत काय लिहिलंय ते वाचा."

दादानं सुतळी दातात धरली आणि कागद हातभर लांब नेला. "चष्मा घरी राहिला."

"मग मी वाचते. 'मनातलं गुपित. प्रेमाचे सल्ले रोज मेसेजवर.' आणि त्याचे पैसे लावलेत. दर महिन्याला येतं त्याच्या पाचपट बिल आलंय. या वयात कुणाच्या प्रेमात पडलात, तेवढं सांगा."

दादाच्या दातातली सुतळी खाली पडली. सरळमार्गी माणूस. लग्नात बायकोकडंसुद्धा नीट मान वर करून बघितलं नव्हतं, असं त्याची आईच सांगायची. तो म्हणाला, "मला मेसेज वाचता येत नाही धड, आणि प्रेमाचे सल्ले कुठले घेऊ?"

"ते तुम्हाला ठाऊक. कागद खोटं बोलत नाही."

शेवटी मलाच हाक पडली. मी खुरपं ठेवलं, हात झाडले आणि बांध ओलांडला. नवराबायकोच्या भांडणात तिसऱ्यानं पडू नये, पण शेजाऱ्याला पळायला जागा नसते. मी बिल घेतलं. त्यावर दोन नंबर होते आणि सगळा आकार दुसऱ्या नंबरावर चढला होता.

"हा नंबर कुणाचा?" मी विचारलं.

"माझा नाही," दादा म्हणाला.

"म्हणजे दुसराही फोन ठेवलाय," वहिनी म्हणाली आणि मटकन बांधावर बसली. तिचे डोळे भरले होते. आतापर्यंत मला गंमत वाटत होती, ती तिथं संपली.

मी दादाचा फोन मागून घेतला. त्यात मोजून आठ-दहा नावं. जावई, मुलगी, दुकानदार, मी. एकेक नंबर बिलाशी ताडून बघत गेलो आणि 'मोटार' या नावावर बोट थांबलं. तोच नंबर.

"वहिनी, हा तुमच्या विहिरीवरच्या मोटारीचा नंबर आहे."

वहिनी माझ्याकडं बघत राहिली. "मोटारीला प्रेमाचे सल्ले?"

त्या मोटारीचं असं आहे. दादाचा गुडघा विहिरीच्या पायऱ्यांवरून घसरून कामातून गेलेला. विहीर उताराखाली, ओढ्याच्या काठाला. घरापासून उतरायचं तर चांगल्या माणसाच्या पिंढऱ्या भरून येतात. लाईटचा तर नेम नाही, कधी पहाटे, कधी ऐन दुपारी. म्हणून जावयानं मोटारीच्या पेटीत सिमकार्डाचा डबा बसवून दिला. घरून फोन लावला की मोटार सुरू. मेसेज पाठवला की ती उलट मेसेज पाठवून कळवते, चालू आहे का बंद. दादाचं अर्धं आयुष्य त्या डब्यानं वाचवलं होतं. दोघंच राहणारी माणसं, मुलगी लांब दिलेली. मोटार त्यांच्या घरातलं तिसरं माणूस होती म्हणा ना.

आता चूक कुणाची ते कळलं, असं आम्हाला वाटलं. एक फोन करू, सांगू, मिटेल.

फोन लावला. आधी मशीन बोललं. हे हवं असेल तर एक दाबा, ते हवं असेल तर दोन दाबा. मग गाणं लागलं. तेच तेच गाणं ऐकत दादानं टोमॅटोची अख्खी ओळ बांधून काढली, फोन कानाला आणि खांदा वर करून. शेवटी एक मुलगी आली. गोड बोलणारी.

"सर, ग्राहकानं मंजुरी दिल्याशिवाय आम्ही कुठलीही सेवा सुरू करत नाही. तुमच्या नंबरावरून 'चालू' असा मेसेज आलेला आहे."

"बाई, तो नंबर मोटारीचा आहे. पाण्याच्या मोटारीचा."

"सर, नंबर आपल्याच नावावर आहे."

"नाव माझं, पण नंबर विहिरीवर असतो. त्याला ना बटण, ना पडदा. पेटीला कुलूप आहे, किल्ली माझ्या करगोट्याला."

"सर, माझ्यासमोर दिसतंय. आपण ही सेवा चालू केलीत, मग बंद केलीत, मग पुन्हा चालू केलीत. महिन्यात बारा वेळा चालू केलीय. दर वेळी नव्यानं पैसे पडतात. म्हणजे आपल्याला सेवा आवडली असणार, सर."

फोनचा आवाज मोठा ठेवला होता. वहिनी पाठीमागंच उभी होती.

"बारा वेळा," ती म्हणाली. "सोडवेना म्हणायची."

"अगं, मोटारीचा नंबर आहे तो. आत्ताच बघितलंस ना."

"मोटार काय स्वतःहून मेसेज करते? किल्ली तुमच्याच करगोट्याला असते, आत्ता तुम्हीच म्हणालात."

फोनवरची मुलगी थांबली नव्हती. आधी बिल भरा, मग तक्रार करा, मुदतीत भरलं नाही तर दोन्ही नंबर बंद होतील, असं तिनं सांगितलं आणि आणखी काही मदत करू का, असं विचारलं. दादा म्हणाला, "आधी केलीस तेवढी पुरे."

मग त्यानं हट्ट धरला. न खाल्लेल्याचे पैसे भरणार नाही. मी समजावलं, वहिनीनं समजावलं. पण एरवी गरीब असलेला माणूस अडला की बैलासारखा अडतो. "पैसे भरले म्हणजे केलं असं कबूल केलं," तो म्हणाला. "आणि हिच्या मनात ते कायमचं बसलं."

तो रोज फोन करायचा. रोज नवी मुलगी, नवा मुलगा. रोज गोष्ट पहिल्यापासून. कुणी म्हणायचं, त्याच नंबरावरून 'बंद' असा मेसेज पाठवा. दादा म्हणायचा, "तो पाठवला गेलाय असं तुम्हीच म्हणता, आणि तरी चालूच होतंय." कुणी म्हणायचं, "ज्यांच्याकडं तो नंबर आहे त्यांना फोनवर द्या, नोंदणी तपासायची आहे." म्हणजे मोटारीलाच फोनवर द्यायचं. एकदा तर दादानं अर्धा तास वाट बघितली, आणि माणूस आला तोच लाईन तुटली. त्यानं फोन शेणाच्या ढिगात फेकला आणि परत काढून, पुसायला पदर मिळाला नाही म्हणून, स्वतःच्या सदऱ्यानं पुसला. वहिनी दारातून बघत होती. पदर द्यायला पुढं आली नाही.

मुदत संपली आणि नंबर बंद झाले.

ऊन तेव्हा असं पडलं होतं की ढेकळाला हात लावला तर चटका बसावा. टोमॅटो फुलावर. अशा वेळी एक पाणी चुकलं की झाड फूल टाकतं, आणि टाकलेलं फूल कुणाच्या बापाला परत लावता येत नाही. मोटार आता हातानं चालू करायची. म्हणजे लाईट येईल तेव्हा विहिरीवर माणूस हवा. पहिल्या दिवशी दादा काठी टेकत उतरला. चढताना दोनदा खाली बसला. गुडघा भोपळ्याएवढा सुजला. दुसऱ्या दिवसापासून वहिनी जायला लागली. उजाडायच्या आधी भाकरी बांधून निघायची आणि विहिरीच्या काठावर लाईटची वाट बघत बसायची. कधी दुपार व्हायची, कधी लाईट यायची आणि मोटारीचं पाणी पाटाला लागायच्या आत जायची. मी जमेल तेव्हा जायचो, पण माझंही रान होतं.

वरच्या सऱ्यांना पाणी पोचेना. पानं दुपारी मलूल व्हायची आणि संध्याकाळीही सावरायची नाहीत. एका सकाळी सरीत पिवळी फुलं सांडलेली दिसली, कुणी ओंजळ उधळावी तशी. वहिनीनं ती चिमटीत घेतली आणि तशीच वर आली.

"चला," ती दादाला म्हणाली. "ऑफिसात जाऊ. तोंडावर विचारू. काय असेल ते एकदाचं दिसू दे."

माझ्या टेम्पोतून तिघं शहरात गेलो. कंपनीचं ऑफिस गार होतं, काचेचं होतं, आणि आमच्या चपलांची माती फरशीवर उठून दिसत होती. रांगेत नंबर लावला, बसलो, पुन्हा बसलो. शेवटी टाय लावलेल्या एका साहेबासमोर गेलो. वाईट माणूस नव्हता. दमलेला होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि तेच म्हणाला, "काका, मशीन खोटं सांगत नाही. तुमच्याकडून 'चालू' आलंय."

"मला दाखवा," वहिनी म्हणाली.

"काय?"

"आलेला मेसेज. डोळ्यांनी बघायचाय मला. मगच मी इथून उठेन."

साहेबानं दादाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मग कॉम्प्युटरचा पडदा तिच्याकडं वळवला. वहिनीची शाळा लवकर सुटलेली, पण वाचायला पक्की. बोट न लावता ओठ हलवत तिनं वाचलं. वरती कंपनीचा मेसेज होता, प्रेमाचे सल्ले हवे असतील तर 'चालू' असं उत्तर द्या. खाली उत्तर होतं. ती ते मोठ्यानं वाचायला लागली.

"'मोटार चालू. लाईट आहे.'"

तिनं पुढचं वाचलं. "'मोटार बंद. लाईट नाही.' 'मोटार चालू. लाईट आहे.'"

मग माझ्या टाळक्यात उजेड पडला. मेसेज कुणाचाही येवो, डबा त्याला आपली हालहवाल कळवायचा. कंपनीनं प्रेमाचं विचारलं, त्यानं पाण्याचं सांगितलं. मशीननं त्यातलं 'चालू' तेवढं उचललं. लाईट जाईल तसं प्रेम बंद, येईल तसं चालू. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, आणि बिल मात्र दादाच्या नावावर.

साहेबानं चष्मा काढून पुसला. "मशीनला एक शब्द कळतो," तो म्हणाला. "समोर माणूस आहे का मोटार, ते नाही कळत."

"तुम्हाला कळतं ना?" वहिनीनं विचारलं. "रोज फोन करत होता हा माणूस. गुडघा बघा त्याचा." आणि मग दादाकडं न बघताच तिनं पदरानं त्याच्या कपाळाचा घाम पुसला, त्या गार ऑफिसात, सगळ्यांच्या देखत. दादा लाजून फरशीकडं बघायला लागला.

साहेबानं सेवा कायमची बंद केली. पण बिल भरावंच लागलं. भरल्याशिवाय नंबर सुरू करता येत नाही, त्याच्याही हातात नव्हतं. पैसे परत मिळतील का, असं विचारलं तेव्हा तो बराच वेळ बटणं दाबत राहिला.

"रोख नाही मिळणार, काका. पण तेवढ्या किमतीचं बोलणं फुकट मिळेल. महिनाभरात वापरायचं."

"कुठल्या फोनवरून?"

"ज्या नंबरावर आकार लागला त्याच नंबरावरून."

दादानं त्याच्याकडं बघितलं. "मोटारीनं बोलायचं?"

साहेबानं पुढच्या माणसाला हाक मारली.

वरच्या सऱ्या गेल्या त्या गेल्याच. झाडं उपटून बांधावर टाकताना वहिनी प्रत्येक मुळाची माती झटकत होती, जशी काही ती उद्या पुन्हा लावायची आहेत. खालच्या सऱ्या वाचल्या. त्यातून निघालं ते घरखर्चाला आणि पुढच्या बियाण्याला पुरलं, वर काही उरलं नाही. कंपनीकडून माफीचा एक शब्द आला नाही.

महिना संपायला आला तशी एका दुपारी वहिनी मला बोलवायला आली. विहिरीवर चला म्हणाली. दादाला आम्ही दोघांनी धरून उतरवलं. तिनं पेटी उघडायला लावली, सिमकार्ड काढायला लावलं आणि ते दादाच्या फोनात घालायला लावलं. मोटार हातानं चालू केली. जुनी मोटार, घरघर अशी की शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येऊ नये. मग तिनं कंपनीचा नंबर लावला, पहिलं मशीन बोललं तसा फोन मोटारीच्या बुडाशी दगडावर ठेवला आणि आमच्यासोबत सावलीला येऊन बसली.

"काय करतेस हे?" दादा ओरडून म्हणाला.

"फुकटचं बोलणं तिच्या नावावर आहे," वहिनी ओरडली. "बोलू दे तिला."

आम्ही बसून राहिलो. मशीन अधूनमधून काहीतरी विचारत असावं, फोनचा उजेड लागत होता आणि विझत होता. मोटार सांगत राहिली. दादाचे खांदे हलायला लागले, आणि कितीतरी दिवसांनी तो असा हसला की त्याला गुडघा दाबून धरावा लागला. पाटानं पाणी खालच्या सरीत शिरलं होतं. वहिनी उठली, खोरं घेतलं आणि दांड फोडून पाणी पुढच्या सरीत सोडायला गेली.