खिडकी वजा

डोणगावच्या बाजाराला लागून उत्तमराव देशमुखांचे पक्क्या विटांचे घर होते. अडतीस सालच्या फाल्गुनात, ऐन बाजाराच्या दिवशी, अकोल्याहून नारायणराव नावाचे गृहस्थ तिथे आले. हातात मोजायची फीत, काखेत जाड वही. चहाच्या एका कंपनीसाठी गावोगाव भिंती भाड्याने घेऊन त्यांवर जाहिराती रंगवून घेणे हा त्यांचा धंदा.

“भाव भिंतीचा नसतो, देशमुखसाहेब, भाव नजरेचा असतो,” ओसरीवर सुपारी कातरीत ते सांगू लागले. “तुमच्या भिंतीसमोरून बाजाराला दोन-तीन हजार माणूस जाते. आडवं झाड नाही, छप्पर नाही. आम्ही हिला पहिल्या नंबरची जागा म्हणतो. चौरस फुटाला सालाचे दोन आणे. मुदत एक साल. मुदत सरली की नवा करार.”

त्यांनी भिंत मोजली. सोळा फूट लांब, बारा फूट उंच.

“एकशे ब्याण्णव. त्यातून ती खिडकी वजा. तीन बाय चार, बारा फूट. राहिले एकशे ऐंशी. साडेबावीस रुपये.”

“खिडकी काऊन वजा?”

“तिच्यावर रंग कसा देणार? शिवाय चित्रातल्या बाईचं तोंड नेमकं तिथंच येतं.”

उत्तमरावांनी क्षणभरही विचार केला नाही. “मंग बुजवून टाकतो. पुरे चोवीस लिहा.”

त्या खिडकीमागच्या खोलीत झुंबरबाई राहत असे; खोलीला खिडकी ती एकच. उत्तमरावांच्या धाकट्या भावाची ही बायको सोळाव्या वर्षी विधवा झाली, आणि आता तेविशीत होती. देशमुखांत पाट लागत नाही, विधवेचे दुसरे लग्न होत नाही. तिने पांढरे लुगडे नेसून ज्वारीच्या पोत्यांशेजारी दिवस काढायचे, पाहुण्यांपुढे यायचे नाही, एवढेच तिच्यासाठी ठरलेले होते. आठवड्यातून एकदा ती खिडकीच्या गजांना कपाळ टेकून बाजार पाही. कासार कोणाच्या हातात कोणता चुडा भरतो, कोणती बाई भाव करता करता भांडते, हे सारे ती थोरल्या जावेला, सत्यभामाबाईंना, रात्री भाकरी थापताना सांगे. दोघी हसत.

“जाऊबाई, तेवढी खिडकी राहू द्या न,” तिने हात जोडले. “मले दुसरं काई नको.”

सत्यभामाबाईंनी नवऱ्याजवळ शब्द टाकला. उत्तमराव म्हणाले, “विधवा बाईले बाजार कायले पाहा लागते?” त्या चुलीकडे परतल्या.

गवंड्याने दोन दिवसांत खिडकी चिणली. मेहकरचा रंगारी गुलाम रसूल शिडीवर चढला. भिंतीवर एक सुवासिनी उमटू लागली. ठसठशीत कुंकू, हिरवा चुडा, हातात वाफाळती कपबशी. तिचे हसरे ओठ रंगवताना त्याला भिंतीआडून खोकल्याचा आवाज आला.

“साहेब, आत कोनी है का?”

“ज्वारीचे पोते है,” उत्तमराव म्हणाले. “तू तुह्यं काम कर.”

त्याने ओठ पुरे केले.

वैशाखात उत्तमरावांच्या मुलीचे, गीताचे लग्न निघाले. ऊन असे की दुपारी अंगणात पाय ठेववत नव्हता. वऱ्हाड दारी येण्याआधी उत्तमराव बायकोला म्हणाले, “तिचं तोंड कोनाले दिसता कामा नये.” सत्यभामाबाईंनी झुंबरबाईच्या खोलीत तांब्याभर पाणी ठेवले आणि बाहेरून कडी लावली. दोन दिवस वाजंत्री वाजली. पंगती उठल्या. जावेची आठवण त्यांना दोनदा झाली. दोन्ही वेळा कोणी तरी हाक मारली. पोरीची पाठवणी झाल्यावर त्यांनी कडी काढली.

झुंबरबाई चिणलेल्या विटांशी बसली होती. तांब्या कोरडा होता. तिची नखे चुन्याने भरली होती. अंग गार पडले होते.

गावाला सांगितले, ऊन लागले. ते खोटे नव्हते. भिंतीवरची सुवासिनी वर्षभर हसत राहिली.

पुढच्या फाल्गुनात नारायणराव पुन्हा आले. भिंत आता लोकांच्या ओळखीची झाली, म्हणून ते अडीच आणे द्यायला तयार होते. गुलाम रसूल डबे घेऊन उभा होता. उत्तमराव सही करणार, तोच सत्यभामाबाई डोक्यावरचा पदर सावरीत ओसरीवर आल्या. परक्या पुरुषांपुढे त्या आजवर आल्या नव्हत्या.

“चाचा,” त्यांनी रंगाऱ्याला विचारले, “मांगच्या साली त्या बुजवलेल्या खिडकीचे किती पैसे भेटले?”

खिडकी बारा फूट, भाव दोन आणे; त्याने बोटांवर हिशेब केला. मान खाली घालून म्हणाला, “दीड रुपया, बाई.”

“दीड रुपया,” त्या नवऱ्याकडे वळल्या. “तुमी खिडकी बुजवली, अन् कडी म्या लावली. म्या मारलं तिले. आता या भिंतीले कोनी रंग लावाचा नाई.”

“घरात जाय!” उत्तमराव ओरडले.

“नाई जात. शिडी लावाची तं माह्या अंगावर लावा.”

बाजारातली माणसे थांबून पाहू लागली. गुलाम रसूलने डब्यांवर झाकणे ठोकली. “आपल्याच्यानं बी होनार नाई, साहेब,” तो म्हणाला आणि शिडी उचलून चालू लागला.

नारायणरावांना राग आला नाही. रंगारी दुसरा मिळतो, भिंतही मिळते. वही मिटून ते रस्त्यापलीकडच्या किसनरावांच्या घराकडे गेले. किसनराव लगबगीने बाहेर आले. फीत उलगडली गेली. त्या भिंतीतही एक खिडकी होती, आणि फीत टेकताच आतून एका रिकाम्या मनगटाने झटकन खिडकीचे दार ओढून घेतले.

“ही वजा करावी लागेल,” नारायणराव म्हणाले.

सत्यभामाबाईंनी ते ऐकले. लग्न होऊन आल्यापासून त्यांनी हा बाजाराचा रस्ता कधी पायी ओलांडला नव्हता. त्या ओसरीच्या पायऱ्या उतरल्या आणि भर बाजारातून पलीकडे निघाल्या.