कौमुदीच्या आभाळातला ठिपका

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे असं सांगताना मला जरा लाज वाटते. वयाने मी जेमतेम दोन वर्षांचा. पण गणपतीपासून मी एका स्टीलच्या डब्यात पडून आहे, आणि पडून राहिलेली वस्तू लवकर म्हातारी होते.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. तिथून बडोद्याला आलो आणि मांडवीजवळच्या एका दुकानात फळीवर बसलो. माझ्यानंतरचं मॉडेल बाजारात आलं होतं, त्यामुळे गिऱ्हाइकं माझ्याकडे ढुंकूनही बघत नव्हती. एके दिवशी कौमुदी आली. कॉलेजात शिकणारी, शिकवण्या घेऊन पैसे साठवलेली मुलगी. सोबत शेजारचा अनय होता. त्याच्या गळ्यात भला मोठा कॅमेरा, म्हणून गल्लीत त्याचा शब्द प्रमाण.

"बेन, नवुं मॉडल जुओ ने!" दुकानदार नवं मॉडेल दाखवायला पुढे करत म्हणाला.

"कशाला? शिकायला हाच बस आहे," अनय म्हणाला. "एक लेन्स, एक कार्ड. बाकी हळूहळू घेऊ, कौमू. चालसे!"

त्याने मला निवडलं. मित्रांनो, त्या दिवशी मला तो देवमाणूस वाटला होता. हे लक्षात ठेवा.

कौमुदीचं घर प्रतापनगरच्या रेल्वे क्वार्टरमध्ये. बॅग परवडणारी नव्हती, म्हणून तिच्या आईने, कांचनताईंनी, चकलीचा डबा रिकामा केला. आत मऊ फडकं घातलं आणि दमट हवा बाधू नये म्हणून तांदळाची पुरचुंडी ठेवली. पहिले पंधरा दिवस मला ओव्याचा वास येत होता. पण मी खूश होतो. कौमुदीने सुरुवातीला काढलेले सगळे फोटो हलले, काही पांढरेफटक झाले, एकात तर नुसता तिचाच अंगठा आला. तरी ती हटली नाही. रोज सकाळी सायकलवरून वर्कशॉपला निघालेल्या कामगारांवर ती हात बसवायची.

मग आमच्या घरची संक्रांत आणि गल्लीचं उत्तरायण आलं. पतंग टिपायला अनयने त्याची लांब पल्ल्याची लेन्स दिली. लेन्स बदलताना माझं तोंड खाली धरायचं असतं, आणि तेही वाऱ्यात नाही. पण गच्चीवर प्रत्येक कापलेल्या पतंगामागे "काय पो छे!"चा गलका चाललेला. उत्साहाच्या भरात कौमुदी हे विसरली. धुळीचा एक कण आत गेला आणि जाऊन बसला नेमका माझ्या डोळ्यातल्या पडद्यावर. तेव्हापासून माझ्या प्रत्येक फोटोत, आभाळ असलं की उजवीकडे वर, एक काळा ठिपका दिसू लागला. पतंगाचा फोटो फ्रिजवर लागला तेव्हा तिचे बाबा, मुकुंदराव, हसून म्हणाले, "तुझ्या आभाळात माशी बसलीय गं!" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मेअखेरीस मुकुंदराव निवृत्त झाले. रेल्वेच्या चाकांमधली केसाएवढी चीर शोधण्यात त्यांची हयात गेली होती. शेवटच्या संध्याकाळी ते वर्कशॉपच्या फाटकातून बाहेर पडले. सायकल हातात धरलेली, हँडलला हार लटकवलेला. ते मागे वळले नाहीत. रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या कौमुदीने श्वास रोखला आणि एकदाच बटण दाबलं. पाठमोरे बाबा, सायकल आणि वर मोठं आभाळ. माझ्या आयुष्यातला तो सर्वांत चांगला फोटो. मोठा करून बाबांना दिवाळीला द्यायचा, म्हणून तिने तो घरात कुणालाच दाखवला नाही. दाखवला फक्त अनयला.

जुलैत कार्ड भरलं. घरात कॉम्प्युटर नव्हता. अनय म्हणाला, "दे इकडे. सगळे फोटो माझ्याकडे उतरवून कार्ड रिकामं करतो. कॅमेऱ्यातली धूळपण काढतो." तिने विश्वासाने मला आणि कार्डाला त्याच्या हवाली केलं. त्याने तो कण अलगद काढला. मला इतकं हलकं वाटलं की मी मनोमन त्याचे आभार मानले. केवढा मूर्ख मी!

गणपतीत मंडळाने फोटोंचं प्रदर्शन भरवलं. मी कौमुदीच्या गळ्यात होतो. पहिल्या बक्षिसाच्या फोटोसमोर मुकुंदराव थबकले.

"अगं, ही माझी सायकल! हा तर मीच!" त्यांनी खालचं नाव वाचलं. "अनयने कधी काढला गं? याला म्हणतात नजर. शीक जरा त्याच्याकडून."

कौमुदीचे हात माझ्यावर आवळले गेले. घरी आल्यावर ती रडत म्हणाली, "बाबा, तो फोटो मी काढलाय. पण सांगू कुणाला? कार्ड रिकामं आहे."

मुकुंदरावांनी उठून फ्रिजवरचा पतंगाचा फोटो काढला. दुसऱ्या दिवशी कौमुदीला आणि मला घेऊन ते मंडळात गेले. तो फोटो त्यांनी बक्षिसाच्या फोटोशेजारी धरला. दोन्हीकडे उजवीकडे वर, त्याच जागी, तोच ठिपका. कॉम्प्युटरवर तो पुसायला अनयला दोन मिनिटं पुरली असती. पण आयत्या पिठावर रेघोट्या ओढणाऱ्याला तेवढी उसंत कुठली!

अनय खाली बघत म्हणाला, "काका, तिला शिकवलं तर मीच ना? एक फोटो घेतला तर काय झालं?"

मंडळाचे अध्यक्ष तात्यासाहेब म्हणाले, "जाऊ द्या मुकुंदराव. बक्षीस देऊन झालंय. एका ठिपक्यापायी पोराचं नाव कशाला खराब करायचं?"

"बरं," मुकुंदराव म्हणाले. "पाठ तरी माझीच आहे ना? मग ती मी घरी नेतो." आणि त्यांनी फोटो भिंतीवरून उतरवला. कुणी अडवलं नाही.

आता तो घरी दारासमोर लावलाय. खाली बाबांनी स्वतःच्या हाताने कौमुदीचं नाव लिहिलंय. पण कौमुदीने त्याच दिवशी मला डब्यात ठेवलं, ते आजतागायत. अनयने फसवलं, मोठ्यांनी पाठीशी घातलं, आणि शिक्षा झाली मला. यंदाच्या उत्तरायणाला गच्चीवरचा गलका मी झाकणाआडून ऐकला. रागावू नये म्हणतो, पण राग येतो.

मित्रांनो, नवा कॅमेरा घ्याल तेव्हा स्वस्तातला घ्या, हरकत नाही. त्याला धुळीपासून जपा. आपलं कार्ड आपल्या हाताने रिकामं करा. आणि कुणी दगा दिला, तर त्याचा राग मुक्या वस्तूवर काढू नका.

माझ्या डोळ्यात आता एकही कण नाही. यापुढे आभाळ अगदी स्वच्छ येईल. पण बटण दाबणार कोण?