तारेच्या ब्रशनं घासलेले दगड

माणकीच्या किल्ल्यावर पोरं पाच रविवारपासून भिंत चढवून राह्यली होती. गोंड राजाच्या टायमाचा दरवाजा, त्याच्या डाव्या अंगाची पडलेली भिंत. पांढरकवड्याहून दहा-बारा जण गाड्यांवर यायचे, चुन्या-रेतीचे कट्टे खांद्यावर घेऊन डोंगर चढायचे. म्होरक्या रजत. दगड कसा बसवायचा हे तो मोबाईलवर पाहून-पाहून शिकला होता. अन् खरं सांगायचं तर भिंत झालीही मस्त होती.

त्या रविवारी खालच्या गावातली मथुराबाई आत्राम वर आली. हातात हळद-तेलाची वाटी. दरवाज्याच्या आतल्या मोकळ्या जागेत गेली अन् थांबली. मग तिनं रजतला विचारलं, इथले दगड कुठी गेले.

रजतनं हसत भिंतीकडं बोट दाखवलं. इथलेच दगड लावले मावशी, बाहेरचा एकही नाही. हे तो येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना कौतुकानं सांगायचा.

मथुराबाई तिथंच खाली बसली. मग सांगू लागली. खालच्या गावात गोंडाच्या घरी माणूस मेला का घरचे त्याच्या नावाचा एक दगड वर आणून राजाच्या या आवारात ठेवतात. दर वर्षी ठरल्या पुनवेला त्याला हळद-तेल लावतात. पुनव उद्या होती, तिला दम निघाला नाही, म्हणून आजच आली. तिचा पोरगा श्रावण ट्रकवर होता. दोन वर्षांआधी हैदराबाद रोडवर ट्रक जळाला, घरी आणायला काहीच उरलं नाही. दगड तेवढा होता.

अमर, पोरांतला एकटा खरा गवंडी, लगेच उठला. चुना अजून कच्चा हाय, म्हणाला, कोणता ते दाखवा, काढून देतो. मथुराबाईनं खूण सांगितली. पोळपाटाएवढा, तेलानं काळा पडलेला, वर हळद.

पोरांनी भिंत वरून खालपर्यंत पाहिली. सगळे दगड एकसारखे. स्वच्छ, राखाडी.

असले चिकट, पिवळे दगड रजतनंच वेगळे काढले होते. किल्ला खराब करणाऱ्यांना शिव्या घातल्या होत्या. चुना धरणार नाही म्हणून सोडा टाकून, तारेच्या ब्रशनं दिवसभर घासले होते. स्टेटसला फोटोही टाकला होता, आधी अन् नंतर. आता गप्प बसला असता तर पाण्यापावसानं धुतलं म्हणून खपलं असतं. अमर त्याच्याकडं पाहून राह्यला होता.

"मावशी, हळद मी काढली," रजत म्हणाला. "मले वाटलं घाण हाय."

"साऱ्यायचीच?"

"चाळीस तरी होते."

भिंत पाडतो, आजच्या आज पाडतो, असं तो बोलत गेला.

"पाडून कोणता देशीन?"

मथुराबाई उठली. भिंतीपाशी जाऊन खालच्या कोपऱ्यातल्या दगडाला तिनं बोटानं हळद लावली. मग बाजूच्याला. मग त्याच्या बाजूच्याला. अकराव्या दगडावर वाटी रिकामी झाली. तिनं वाटी पदरानं पुसली.

"उद्या सारं गाव येते हळद घेऊन," ती म्हणाली. "मी नाही सांगत कोणाले. तूच सांगजो, बापू."