दिव्याला घाबरलेली बॅटरी

मी एक बॅटरी बोलतेय. जरा घाईत बोलतेय, सांभाळून घ्या. खालच्या गल्लीतून भंगारवाल्याच्या गाडीचा कर्णा ऐकू येतोय, "जुन्या शेगड्या, बॉयलर, बॅटऱ्या घेणार!" आणि तिहोमिरने मला सकाळीच गॅरेजच्या दाराशी, बर्फ झाडलेल्या फरशीवर आणून ठेवलंय. म्हणजे आज माझी पाळी.

वितळायला मी घाबरत नाही. आम्ही शिशाची जात, पुन्हा पुन्हा वितळतो आणि पुन्हा पुन्हा नव्या होतो. माझ्या जिवाला घोर लागलाय तो वेगळाच, आणि तो सांगायचा तर सुरुवातीपासून सांगावं लागेल.

कारखान्यातून निघाले तेव्हा माझं काळं अंग लखलखत होतं. पोटात सहा कप्पे, प्रत्येकात शिशाच्या प्लेटा आणि आम्ल. सर्बियातल्या डोंगराकडच्या एका गावात झिव्का नावाच्या बाईच्या गाडीत मला बसवलं. ती आसपासच्या वाड्यावस्त्यांवर पाव पोचवायची. भल्या पहाटे, काचेवर बर्फ जमलेलं असताना ती किल्ली फिरवायची आणि म्हणायची, "चल गं बाई, लोक उपाशी आहेत." मी एका दमात इंजिन उठवायचे. त्या दिवसांत मला स्वतःबद्दल कधी शंका आली नाही.

पुढे झिव्काची कंबर गेली. गाडी अंगणातल्या आलुबुखारच्या झाडाखाली उभी राहिली ती राहिलीच. तिच्या मुलाने एकदा आत बसून रेडिओ ऐकला, मला पार रिकामं केलं आणि तसाच निघून गेला. बॅटरीला रिकामी ठेवणं म्हणजे तिच्या जिवावर उठणं. माझ्या प्लेटांवर पांढरा थर चढत गेला, चुन्यासारखा, कडक. हिवाळे आले नि गेले. माणसं वस्तू टाकून देत नाहीत, नुसती विसरतात. टाकून दिलेलं परवडतं एक वेळ.

तिथून मला तिहोमिरने उचललं. अर्धं आयुष्य त्याने एका कारखान्यात विजेच्या मोटारींना तार गुंडाळली होती. कारखाना बंद पडला, पण बोटांची सवय कुठे जाणार? त्याच्या गॅरेजात सायकलचं एक चाक आडवं बसवलेलं होतं, काठाला चुंबकं चिकटवलेली. शेजारी त्याने स्वतः गुंडाळलेली तांब्याची कॉइल, आणि डब्याएवढे दोन कॅपॅसिटर. एका चांगल्या बॅटरीवर चाक फिरायचं. चुंबक कॉइलसमोरून गेलं की तारेत झटका उठायचा, झटके कॅपॅसिटरमध्ये साठायचे, आणि ते भरले की सगळं एकदम माझ्या अंगावर ओतायचे. थप्. पुन्हा थप्.

दर शनिवारी त्याच्यासारखेच चार हौशी तिथे जमायचे. कुणाची कॉइल जाड, कुणाची बारीक, आणि प्रत्येकाची खात्री की बाकीच्यांची चुकीची. जगाला न सापडलेलं काहीतरी आपल्याच गॅरेजात सापडणार, हा त्यांचा समज. त्यांचं मी हसं करणार नाही. मेलेल्या वस्तूत जीव घालायला निघालेली माणसं मला तरी बरी वाटतात.

झटक्यांनी माझं थोडं भलंही झालं. प्लेटांवरचा थोडा थर सुटला. मीटरवरचा आकडा चढू लागला, आणि एका शनिवारी तो पार भरलेल्या बॅटरीच्या आकड्यावर जाऊन थांबला. तिहोमिरच्या डोळ्यांत पाणी आलं. "मेलेली उठली रे!" तो ओरडला. बायबलातल्या थडग्यातून उठलेल्या लाझारवरून त्यांनी माझं नाव लाझार्का ठेवलं आणि माझ्या नावाने रकियाचे, आलुबुखारच्या घरगुती दारूचे, प्याले रिचवले.

एकट्या वुकोमानने प्याला खाली ठेवला. हा तिहोमिरचा जुना दोस्त. आयुष्यभर बस चालवलेली, जिभेला लगाम नाही.

"आकडा छान आहे," तो म्हणाला. "आता हिच्यावर गाडीचा दिवा लाव आणि बघ किती वेळ टिकतो."

"कशाला? मीटर खोटं बोलतंय का?"

"मीटर कशाला खोटं बोलेल? पण तू त्याला विचारतोयस काय? पाहुणा दारात हसला म्हणजे त्याचं पोट भरलेलं असतं का लेका?"

"तुझं पोट मात्र फुकटच्या रकियाने भरलंय," तिहोमिर म्हणाला, आणि सगळे हसले. दिवा काही लागला नाही.

पण वुकोमान म्हणत होता ते खरं होतं, आणि ते मला एकटीलाच पक्कं माहीत होतं. मडक्यात गळ्यापर्यंत गाळ साचला असेल तर ते काठोकाठ भरलेलं दिसतं, पण ओतलं की ओंजळभरच पाणी निघतं. तशी मी. आकडा पूर्ण, आणि आत ओंजळभर. सगळे माझं कौतुक करत होते आणि मी उसनं अवसान आणून त्या फळीवर बसले होते.

इथवर असतं तरी निभावलं असतं. पण मग स्तामेना आली.

स्तामेना म्हणजे तिहोमिरची थोरली बहीण. नवरा गेल्यापासून टेकडीवरच्या घरात एकटी राहते. तिच्या तळघरात लाकडाचा बॉयलर आहे. त्यातलं उकळतं पाणी एक छोटा पंप घरभर नळ्यांतून फिरवतो, म्हणून घर ऊबदार राहतं. वीज गेली आणि पंप थांबला, की पाणी जागच्या जागी उकळू लागतं. त्या बाजूच्या एका गावात असाच बॉयलर फुटून स्वयंपाकघराची भिंत कोसळली होती. म्हणून तिथे घरोघरी पंपाला एक इन्व्हर्टर जोडलेला असतो, आणि इन्व्हर्टरला बॅटरी. वीज गेली की बॅटरीने पंप चालवायचा, निदान लाकडं जळून संपेपर्यंत.

स्तामेनाची बॅटरी संपली होती. ती नवी आणायला निघाली होती.

"नवी कशाला ताई?" तिहोमिर म्हणाला. "ही घे. माझी लाझार्का."

"ही? ही तर झिव्काच्या अंगणात कुजत होती ना?"

"होती. आता बघ आकडा."

स्तामेनाने आकड्याकडे पाहिलं नाही, भावाच्या तोंडाकडे पाहिलं. "मला त्यातलं काही कळत नाही. तू सांगतोयस म्हणजे ठीक असेल. खात्री आहे ना?"

"पूर्ण खात्री," तो म्हणाला.

मला वाटलं, आताच माझं झाकण फुटावं, आम्ल सांडावं, काहीही व्हावं. काही झालं नाही. मला कांबळ्यात गुंडाळून टेकडीवर नेलं.

तळघरातले ते दिवस आठवले की अजून जीव टांगणीला लागतो. बॉयलर माझ्यापासून हातभर अंतरावर. त्याच्या डोक्यावर वाफ सोडायची झडप होती, पण कठीण पाण्याच्या थरांनी ती केव्हाच आवळून बसली होती. ते मला दिसायचं, स्तामेनाला नाही. रोज सकाळी ती लाकडं घालायला यायची, गुणगुणत यायची, आणि जाताना माझ्यावरची धूळ कमरेला खोचलेल्या फडक्याने पुसायची. तळघरातला विजेचा दिवा नुसता लुकलुकला तरी मी हादरायचे. आज नको, एवढंच म्हणायचे. आज नको.

मग संत निकोलाचा दिवस उजाडला. तो त्यांच्या घराचा संत, आणि त्या दिवशी घरात त्याचा सण असतो, स्लावा. स्लावेला कुणाला आमंत्रण देत नाहीत; ज्याला यायचं तो येतो. त्यामुळे स्तामेनाने माणसं येणार म्हणून भाजलेला घेवडा आणि मासे रांधले होते, आणि बॉयलर लाकडांनी ठासून भरला होता. बाहेर वारा सुटला होता. वर मेणबत्ती लागली, कोलाच, सणाचा गोल पाव, कापला गेला, खुर्च्या सरकल्या. तिहोमिर आणि वुकोमान दोघेही आले होते.

ऐन जेवणात वीज गेली.

इन्व्हर्टरने माझ्याकडे मागितलं आणि मी दिलं. पंप फिरतच राहिला. त्याची घूं घूं वर ऐकू गेली आणि एकच गलका झाला. "ऐका! लाझार्का!" हा तिहोमिरचा आवाज. "वुकोमान, कान उघडे ठेवून ऐक! आता बोल!"

मी खाली देत होते. होतं नव्हतं ते देत होते. ओंजळ संपत आली तशी प्लेटांतून खरवडून देत होते. इन्व्हर्टर किंचाळू लागला, पण वर गाणं सुरू झालं होतं. मग पंप थांबला.

माझ्यासमोर बॉयलरचा काटा चढू लागला. मी काय करणार होते? मला हात नाहीत, गळा नाही. नळ्या ठणठण वाजायला लागल्या. आणि मग वर गाणं मध्येच तुटलं.

"पंप थांबला," स्तामेना म्हणाली.

"भास होतोय तुला ताई. बॅटरी भरलेली आहे."

"मी या आवाजाबरोबर झोपते नि उठते, तिहोमिर. थांबलाय."

खुर्ची पडली. जिन्यावर पावलं वाजली. स्तामेना पुढे होती. भट्टीच्या दाराला तिने हात घातला, तेवढ्यात तिहोमिरने तिला दंड धरून मागे ओढलं. "बाहेर हो! सगळ्यांना बाहेर काढ!" काट्याला आता चढायला जागाच नव्हती. बॉयलर थरथरत होता आणि त्याच्याबरोबर माझं आम्ल. तिहोमिरने लोखंडी फावड्याने जळती लाकडं ओढून राखेच्या घमेल्यात घेतली, आणि वुकोमान ती घमेली अंगणात बर्फावर नेऊन पालथी करू लागला. तिहोमिरच्या सणाच्या कोटाच्या बाहीला आग लागली तर त्याने ती भिंतीवर चापटून विझवली, थांबला नाही. शेवटचं लाकूड निघालं तरी बॉयलर किती तरी वेळ कण्हत राहिला. मग हळूहळू गप्प झाला.

तिहोमिर जिन्याच्या पायरीवर बसला. हात भाजले होते. स्तामेना त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

"तुला ठाऊक होतं?"

"नाही." तो म्हणाला, "दिवा लावून बघितला असता तर कळलं असतं. मी भीत होतो ताई. वाटायचं, दिवा विझला तर माझ्याकडे उरलं काय?"

"आणि मी?" स्तामेना म्हणाली. "मी उरले नसते, त्याचं काय?"

तो रडला. मी तिथेच होते, हातभर अंतरावर. सगळे दिवस मला वाटत होतं की त्या घरात एकटी मीच घाबरलेली आहे. आम्ही दोघं एकाच दिव्याला घाबरत होतो.

दुसऱ्या दिवशी त्याने मला गॅरेजात आणलं, चाकावर लावलं, आकडा पूर्ण होऊ दिला, आणि वुकोमानला बोलावून घेतलं. मग माझ्यावर गाडीचा दिवा लावला. दिवा पांढरा पेटला, पिवळा झाला, लाल तार झाली, विझला. वुकोमानची सिगारेटही संपली नव्हती. स्तामेनाकडे नवी बॅटरी गेली, तीसुद्धा तिहोमिरने संध्याकाळपर्यंत दिवा जाळून पारखल्यावर. वुकोमानने झडपही बदलली. शनिवारी चाक अजून फिरतं. पण आता आधी दिवा, मग आकडा.

थांबा. कर्णा बंद झाला. गाडी आली दारात.

भंगारवाला तरणा पोरगा आहे, हसरा. त्याने मला उचललं नाही. खिशातून मीटर काढलं. हेच, हेच मला नको होतं! दिवा काढला की आमचा आकडा पडल्यापडल्या हळूहळू वर चढतो, ती आमच्या जातीची खोड आहे.

"अहो काका, ही तर चांगली आहे की!" पोरगा म्हणतोय. "वितळवायला कशाला देताय? वरच्या गावात एक म्हातारं जोडपं पंपासाठी बॅटरी शोधतंय. त्यांना देतो."

तिहोमिर माझ्याकडे बघतोय. आकडा ऐकून क्षणभर त्याचा चेहरा उजळला, मी पाहिलं. त्याची लाझार्का. नको रे तिहोमिर. त्या म्हाताऱ्यांच्या तळघरात नको.

तो आत गेला. लोखंड कापायची करवत घेऊन आला आणि माझ्यासमोर गुडघे टेकून बसला. माझं एक टोक, जिथे तार जोडतात ते, त्याने मुळापासून कापायला घेतलं. शिसं मऊ असतं. दुखलं नाही.

"अहो, काय करताय? चांगल्या बॅटरीची वाट लावलीत!"

"चांगली नाहीये ती," तिहोमिर म्हणाला. "आकडा दाखवते फक्त. वितळव तिला, आणि तुझ्या आईची शपथ घेऊन मला सांग की वितळवशील."

पोरग्याने शपथ घेतली. तिहोमिरने ते कापलेलं टोक खिशात टाकलं आणि मला स्वतःच्या हातांनी गाडीत ठेवलं. त्याच्या हातांवरचे भाजल्याचे डाग अजून लाल आहेत.

जाते मी. एवढंच मागणं आहे, कुणी भरलेलं दिसलं तर आधी थोडं ओझं देऊन बघा, आणि मगच त्याच्या भरवशावर झोपा. कर्णा पुन्हा सुरू झालाय. आता मला कुणाच्याही तळघरात जोडता येणार नाही, आणि पोटातली ती धाकधूक आज पहिल्यांदा थांबलीय.