क्लचवरचा पाय

सुजयचा तेरावा होऊन आठ दिवस झाले, तेव्हा त्याची गाडी दोर बांधून हरीच्या गॅरेजसमोर आणली गेली. मागचा एक दिवा फुटला होता आणि बंपर एका बाजूनं लोंबत होता. बाकी पत्र्याला खरचटलंसुद्धा नव्हतं. दोर सोडून माणसं गेल्यावर सुजयची बायको मंजुषा तिथंच उभी राहिली. हरीनं स्टूल पुसून पुढं केलं. ती बसली नाही.

हरीचं गॅरेज राजेंद्र नगरात बावीस वर्षं होतं. वडील मिलमध्ये फिटर. मिल बंद पडली तेव्हा पोरानं पाने-स्क्रूड्रायव्हर हातात घेतले, ते आजतागायत. त्या हिंदी बोलणाऱ्या शहरात आसपासच्या मराठी घरांतल्या निम्म्या गाड्या त्याच्याकडेच यायच्या. एका खाजगी कॉलेजाच्या ऑफिसात काम करणारा सुजय त्यांतलाच एक.

काय घडलं ते हरीला त्याच दिवशी कळलं होतं. सुजय, मंजुषा आणि सुजयची आई अंबिकाबाई महेश्वरहून परत येत होते. मानपुरच्या अलीकडचा घाट चढताना गाडीनं ओढणंच सोडलं. इंजिन गुरगुरत राहिलं, चाकं काही पुढं जाईनात. सुजयनं हँडब्रेक ओढला, दोघींना आतच बसायला सांगितलं आणि मागच्या चाकाखाली दगड लावायला तो उतरला. वळणावरून आलेल्या ट्रकवाल्याला तो दिसला नाही. दुपारचे दोन वाजले होते.

हरी स्मशानात गेला होता, पण सगळ्यांच्या मागं उभा राहून परतला. तेव्हापासून त्याचं जेवणावरून मन उडालं होतं. बायकोनं विचारलं तर म्हणाला, पोट ठीक नाही.

आता मंजुषा त्याच्यासमोर होती. "हरीभाऊ, ही माझ्यासमोर उघडा. क्लच कशानं गेला ते मला बघायचंय."

मग तिनं जे सांगितलं ते तिनं बहुधा कुणालाच सांगितलं नव्हतं. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सासूबाई एकच सांगत होत्या, की क्लच सुनेनं जाळला. मंजुषा मागच्या वर्षी गाडी शिकली. रोज पलासियाला ऑफिसला न्यायची, सगळा रस्ता ट्रॅफिकचा, आणि तिचा डावा पाय कायम पेडलवर. सुजय शंभरदा म्हणायचा, पाय खाली ठेव. हे सगळं खरंच होतं. म्हणून तिला नक्की काय ते कळायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी तिनं रजा टाकली. हरीनं गाडी स्टँडवर चढवली, गिअरचं तेल काढलं, एकेक बोल्ट सोडवला आणि गिअरबॉक्स जॅकवर घेऊन हळूहळू खाली उतरवला. इतके दिवस उलटूनही आतून जळका वास आला. क्लच प्लेट बाहेर काढली तर तिच्या अस्तराचा मागमूस नव्हता. आतले रिव्हेट उघडे पडले होते, त्यांनी फ्लायव्हीलच्या चकतीला चरे पाडले होते. प्रेशर प्लेट तापून निळी पडली होती. त्यानं बेअरिंग बोटांवर फिरवलं, ते खरखर करत फिरलं. मंजुषा प्रत्येक वस्तूचं नाव विचारत होती. हरीनं नवी प्लेट तिच्या एका हातात दिली आणि जुनी दुसऱ्या. जाडीतला फरक बघायला डोळ्यांची गरज नव्हती.

"हे पाय ठेवल्यानं होतं?" तिनं विचारलं.

हरी चिंधीनं हात पुसत राहिला. त्या एका प्रश्नात त्याची सुटका होती, आणि ते त्याला लख्ख दिसत होतं.

"त्यानंही होतं, वहिनी."

आता ती स्टुलावर बसली. रडली नाही. जुनी प्लेट मांडीवर ठेवत म्हणाली, "म्हणजे आई खरं बोलतात."

हरी खाली वाकून फ्लायव्हील घासू लागला. ती कधी उठून गेली ते त्यानं पाहिलं नाही.

संध्याकाळपर्यंत त्यानं एकट्यानं काम ओढलं. फ्लायव्हील घासून सारखं केलं, नवी प्लेट मधोमध बसवली, बोल्ट समोरासमोर थोडेथोडे आवळत नेले, बेअरिंग बदललं, गिअरबॉक्स परत चढवला. हातांना सगळं पाठ होतं. डोक्यात मात्र अपघाताच्या आदल्या दिवशीचा तो शनिवार होता.

त्या शनिवारी पाचच्या सुमारास सुजय आला होता. पेडल फार वर आल्यावर क्लच पकडतो म्हणाला, पुलावर चढताना इंजिन नुसतंच ओरडतं, स्पीड येत नाही. हरीनं स्वतः चक्कर मारली. हँडब्रेक ओढला, तिसरा गिअर टाकला आणि क्लच सोडला. क्लच चांगला असेल तर इंजिन जागेवर बंद पडायला हवं. ते बंद पडलं नाही, फिरतच राहिलं. याच्यापुढं तपासायचं काही उरत नाही. गाडी इथं ठेव आणि उद्या टॅक्सी करून जा, एवढंच म्हणायचं होतं.

पण सुजय घाईत होता. उद्या महेश्वरला जायचंय भिया, आईचा नवस आहे, काहीतरी करून दे, असं म्हणत होता. दारात पाच गाड्या उभ्या होत्या. हरीनं केबलचा नट थोडा ढिला केला. पेडल खाली आलं, केबलचा ताण कमी झाला, घसरण थोडी थांबल्यासारखी झाली. असं दोन-चार दिवस वाटतं, हे त्याला ठाऊक होतं.

जाऊ ना मग, असं सुजयनं विचारलं. "निकल जाएगी भिया," हरी म्हणाला होता. "आल्यावर प्लेट टाकू."

महेश्वरच्या वाटेवर घाट आहे, हे काय त्याला माहीत नव्हतं? त्या दोन मिनिटांचे साक्षीदार दोघंच होते, आणि त्यांतला एक गेला होता. हरी गप्प बसला असता तर जन्मात कुणाला कळलं नसतं.

त्यानंतर दोन दिवसांनी मंजुषा गाडी न्यायला आली. हरी म्हणाला, आधी ट्रायल घेऊ, तुम्ही चालवा. तो शेजारी बसला. पुलाच्या चढावर गाडी झरझर वर गेली. गिअर बदलून झाला की मंजुषा पाय असा मागं घ्यायची, जणू पेडल तापलेलं आहे. ते बघून हरीला राहवलं नाही. पूल उतरल्यावर त्यानं गाडी बाजूला घ्यायला सांगितलं.

"वहिनी, प्लेट गेलीये हे मला त्या शनिवारीच कळलं होतं."

त्यानं सगळं सांगितलं. नट, पेडल, आपण काय बोललो तेही. मंजुषा समोरच्या काचेतून बघत होती. इंजिन चालूच होतं.

"परवा का नाही सांगितलंत?"

"भीती वाटली."

"आणि मी दोन दिवस..." तिनं इंजिन बंद केलं. मग म्हणाली, "आईंसमोर बोलाल हे?"

अंबिकाबाई पलंगावर बसल्या होत्या. हरी उभ्यानंच बोलला. प्लेट ऐंशी हजार किलोमीटर चालली होती, तिचे दिवस भरतच आले होते. पाय ठेवल्यानं फार तर काही महिने आधी गेली असेल. पण ती गाडी माझ्या दारातून बाहेर पडायलाच नको होती.

अंबिकाबाईंनी शेवटपर्यंत ऐकलं. "सुजयनं तुला विचारलं होतं, जाऊ का म्हणून?"

"हो."

"आणि तू जा म्हणालास."

"हो."

त्यांनी सुनेकडे न बघताच तिला हरीला पाणी द्यायला सांगितलं. ग्लास हातात घेऊन हरी उभा राहिला.

त्यानंतर आल्यागेल्याजवळ त्या सुनेचं नाव काढेनाशा झाल्या. पण सुनेशीही बोलेनाशा झाल्या. दिवाळी झाल्यावर लेकीकडे देवासला गेल्या, त्या परत आल्या नाहीत. मंजुषा एकटी राहू लागली. गाडी तीच चालवायची, सर्व्हिसिंगला दुसरीकडे न्यायची. हरी आता घसरता क्लच दारातून सोडत नव्हता. गिऱ्हाईक चिडायचं, इतकं काय भिया म्हणायचं, दुसरीकडे जायचं. तो कुणाला कारण सांगत नसे. सांगून आपण मोठे झाल्यासारखं वाटेल, याचीच त्याला धास्ती होती.

जानेवारीत एका सकाळी तिचा फोन आला. नमस्कार नाही, चौकशी नाही.

"तुमच्या इथून निघताना शेवटचं काय म्हणाले होते ते?"

हरीला आठवावं लागलं नाही. "म्हणाले, बच गए भिया, नाहीतर आईनं खाल्लं असतं. आणि हॉर्न वाजवून गेले."

मग ती म्हणाली, "हसत होते?"

"हो वहिनी. हसत होते."

तिनं फोन ठेवला.