शुक्रवारची राहिलेली ओळ

मित्रांनो, मी एक जुनी फाईल आहे. पुठ्ठ्याची नव्हे, कॉम्प्युटरमधली. मला ना चित्रं, ना रंग. नुसत्या एकाखाली एक ओळी. पवईच्या एका ऑफिसात, जान्हवीच्या लॅपटॉपमध्ये मी सहा वर्षं राहते आहे. स्वभावाने मी पहिल्यापासून भित्री. जिला कोणीही एका बोटाने पुसू शकतं, तिने निर्धास्त कसं राहावं?

जान्हवीने मला नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात बनवलं. काळ्या पडद्यावर ती 'नोंद' एवढं टाइप करते, पुढे एक वाक्य लिहिते आणि एंटर दाबते. तारीख-वेळ आपोआप लागते आणि वाक्य माझ्या तळाशी येऊन बसतं. काम सुरू केलं की एक ओळ, संपलं की दुसरी. तिच्या वरिष्ठ शर्मिष्ठा मॅडम एकदा सगळ्यांसमोर म्हणाल्या होत्या, "हिला विचारा, हिच्याकडे सगळं लिहिलेलं असतं." तेव्हा मला कोण अभिमान वाटला! पुढे रंगीत तक्ते दाखवणारं सॉफ्टवेअर आलं आणि मला कोणी विचारेना. जान्हवीने मात्र सवय सोडली नाही.

हे ऑफिस मुलुंडच्या एका रक्तपेढीच्या फ्रिजवर लक्ष ठेवतं. फ्रिज तापला की ड्यूटीवरच्या माणसाच्या मोबाइलवर अलार्म वाजतो. गेल्या शुक्रवारी ५.४२ ला माझ्यात ओळ आली : 'चाचणीसाठी अलार्म बंद केला.' इतक्यात शेजारच्या टेबलावरून नंदकिशोरने हाक मारली. तो घाटकोपरला राहतो, जान्हवीपेक्षा बराच मोठा आहे.

"पेढे खा गो! आमची अबोली धावी पास झाली!"

जान्हवी उठली. पेढा खाल्ला, त्याच्या मुलीच्या दहावीच्या निकालावर गप्पा मारल्या आणि तशीच घरी गेली. 'अलार्म चालू केला' ही ओळ काही आली नाही. शनिवार गेला, रविवार गेला. माझा जीव टांगणीला लागला होता, पण मला ओरडता कुठे येतं?

सोमवारी कळलं. शनिवारी फ्रिज बिघडला, अलार्म वाजलाच नाही आणि रक्ताच्या एक्केचाळीस पिशव्या टाकून द्याव्या लागल्या. अलार्म कोणी बंद केला होता? जान्हवी आणि नंदकिशोर दोघंही एकाच नावाने लॉगिन करत. पासवर्डची चिठ्ठी स्क्रीनला चिकटवलेली. त्यामुळे सॉफ्टवेअरला नेमका माणूस सांगता येईना. एरवी अलार्मचं काम नंदकिशोरकडे, म्हणून आळ त्याच्यावर आला.

"चार वाजेपर्यंत लेखी खुलासा द्या," मॅडम म्हणाल्या, "नाहीतर उद्यापासून येऊ नका."

नंदकिशोर घाबरला की नुसती मालवणी बोलतो. "माज्याच हातसून झाला आसात काय गो? माका आठवणाच नाय."

जान्हवीने मला उघडलं. शुक्रवारपर्यंत आली आणि थबकली. ती ओळ तिने तीनदा वाचली. मग शेवटून एकेक अक्षर पुसू लागली. 'केला' गेलं. 'बंद' गेलं. मी इतकी कधीच घाबरले नव्हते. ही ओळ गेली असती तर खरं काय ते सांगणारं कोणी उरलं नसतं.

"एक पेढो उरलो हा, खा," नंदकिशोर डबा पुढे करत म्हणाला. "सकाळपासून काय खाल्लंस नाय."

तिची बोटं थांबली. बदल जतन न करताच ती माझ्यातून बाहेर पडली आणि पुसलेली अक्षरं परत आली. मग तिने काळ्या पडद्यावर टाइप केलं : 'अलार्म परत चालू करायला विसरले. चूक माझी, नंदूदादाची नाही.' एंटर दाबताना तिला रडू आलं. लॅपटॉप तसाच उचलून ती मॅडमच्या केबिनमध्ये गेली.

नंदकिशोरची नोकरी राहिली. जान्हवीचं काय करायचं ते वरचे लोक ठरवणार आहेत, आणि मला अजून चैन नाही. स्क्रीनवरची चिठ्ठी मात्र त्याच दिवशी फाडली गेली.

मित्रांनो, मला जपा. माझी एक प्रत दुसरीकडे ठेवा, काम संपलं की दुसरी ओळ लिहायला विसरू नका. आणि एखादी ओळ तुमच्याच विरुद्ध साक्ष देऊ लागली, तरी तिला पुसू नका. आज सकाळी ९.१० ला माझ्या तळाशी नवी ओळ आली आहे : 'अलार्म चालू आहे. मी पाहिलं. नंदूदादानेही पाहिलं.'